पाय मजबूत, तरी डोळे मिटले की पडायचे: एका वारकरी आप्पांची केस

मी तालुक्याच्या गावी फिजिओथेरपिस्ट आहे, छोटं क्लिनिक आहे. ही केस सविस्तर लिहायचं बरेच दिवस मनात होतं, कारण यात पाच महिने वाया गेले आणि त्यातले जवळजवळ तीन माझ्यामुळे गेले. पेशंटची आणि घरच्यांची परवानगी घेतली आहे, ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत, बाकी सगळं घडलं तसंच आहे.

पार्श्वभूमी

पेशंटला आप्पा म्हणते, क्लिनिकमध्येही सगळे तेच म्हणायचे. वय ६३, शेतकरी, अंगकाठी सडपातळ, गळ्यात पस्तीस वर्षांपासून तुळशीची माळ, म्हणजे मटण-मासे सोडाच पण अंडंसुद्धा नाही. आळंदी ते पंढरपूर, अडीचशे किलोमीटरच्या आसपासची वाट, माऊलींच्या पालखीबरोबर चालत २७ वेळा केलेली. दिंडीत टाळ वाजवायचे आणि पावली खेळायला तर सगळ्यात पुढे.

डायबेटिस ११ वर्षांपासून, मेटफॉर्मिन दोन वेळा. पित्ताची गोळी, म्हणजे पॅन्टोप्राझोल, रोज सकाळी उपाशीपोटी, ती कुणीतरी पंधरा दिवसांसाठी दिलेली आणि सहा-सात वर्षं चालूच राहिलेली (हे आपल्याकडे घरोघरी दिसतं). तीन वर्षांपूर्वी गाय विकली, तेव्हापासून दूध चहापुरतं, दही-ताक सणावारी. हे सगळं मला पहिल्या भेटीत कळलं नव्हतं कारण मी विचारलंच नव्हतं.

त्रास कसा सुरू झाला

दिवाळीच्या सुमारास दोन्ही पायांच्या बोटांना एकदमच मुंग्या यायला लागल्या आणि थकवा. गावातल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, हिमोग्लोबिन १०.२ आलं, लोह आणि फॉलिक अ‍ॅसिडच्या रक्तवाढीच्या गोळ्या सुरू केल्या, मुंग्या शुगरच्या असतील म्हणाले. दोन महिन्यांत हिमोग्लोबिन १२ च्या वर गेलं, थकवा कमी झाला, सगळे खूश.

जानेवारीत आप्पा माझ्याकडे आले ते "गुडघ्यात जोर न्हाई" म्हणून. मी झोपवून ताकद बघितली, मांडीची, पोटरीची, पाऊल वर उचलायची, सगळी उत्तम. गुडघ्यात थोडी कटकट होती. मी मांडीचे व्यायाम दिले, दहा सेशन केले आणि पाठवून दिलं. उभं करून डोळे मिटायला सांगितलं नाही, रिफ्लेक्स हातोडी ड्रॉवरमध्येच राहिली. ताकद चांगली आहे आणि तरी माणूस म्हणतोय जोर नाही, या दोन गोष्टी जुळत नाहीयेत हे तेव्हाच खटकायला हवं होतं.

मार्चमध्ये आप्पा मोरीत पडले. अंघोळ करताना उभ्याने डोक्यावर तांब्या ओतला, साबण डोळ्यात जाऊ नये म्हणून डोळे मिटले, आणि आडवे. भुवईवर चार टाके. मग एका ठिकाणी कंबरेचा एमआरआय झाला, त्यात चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी जरा बाहेर आलेली दिसली, या वयात ती निम्म्या गावाची दिसेल, आणि पट्टा नि ट्रॅक्शन, म्हणजे कंबरेला ताण देणं, सुरू झालं. तीन आठवड्यांनी काहीच फरक नाही म्हणून मुलगा परत माझ्याकडे घेऊन आला.

त्या दिवशीची तपासणी

या वेळी आधी नुसतं दारातून आत येताना बघितलं. पाय फाकवून चालत होते, पाऊल गरजेपेक्षा जास्त उचलून आपटत टाकत होते आणि नजर सतत जमिनीवर. उंबरठ्याजवळ उजव्या पायातली चप्पल निसटली, आणि आप्पा तसेच एका पायात चप्पल घालून आत आले, खुर्चीवर बसले, बोलायला लागले. चप्पल दारात राहिली हे त्यांना मुलाने सांगितल्यावर कळलं. "आप्पा, चप्पल गेली ते समजलं नाही का?" तर म्हणाले, "म्याडम, पाय हायत का न्हाईत तेच कळंना झालंय. भुई मऊ लागती, कापसावर चालल्यावानी."

मग पाय जुळवून उभं केलं. डोळे उघडे असताना थोडे डुलत होते पण उभे होते. मी त्यांच्या मागे हात धरून उभी राहिले, मुलाला पुढे उभं केलं आणि म्हटलं आता डोळे मिटा. तीन सेकंदसुद्धा नाही, सरळ मागे माझ्या हातावर आले.

ही टेस्ट बर्लिनच्या मोरिट्झ रोम्बर्ग यांच्या नावाने ओळखली जाते, १८४० च्या दशकातली. तेव्हा सिफिलिसने मज्जारज्जूचा मागचा भाग खराब झालेले पेशंट अंधारात किंवा तोंड धुताना कोसळायचे. मोरीत तांब्या ओतताना पडणं ही तीच गोष्ट, आप्पांनी आम्हाला निदान घरातूनच आणून दिलं होतं.

पुढे क्रमाने बघितलं. १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क, म्हणजे कंपन जाणवतं का ते बघायचा धातूचा चिमटा, वाजवून पायाच्या अंगठ्यावर ठेवला, काही नाही, घोट्यावर नाही, गुडघ्यावर पुसटसं, कंबरेच्या हाडावर मात्र "हां, आता झिणझिणतंय". डोळे मिटवून अंगठा हलक्या हाताने वर-खाली केला आणि विचारलं कुठे गेला, दहापैकी पाच बरोबर, म्हणजे नाणं उडवल्यासारखंच. गुडघ्याचा रिफ्लेक्स, म्हणजे हातोडीने ठोकल्यावर आपोआप बसणारा झटका, जोरात उडत होता, घोट्याचा अजिबात नाही. तळपायावर बाहेरच्या कडेने रेघ ओढली तर अंगठा हळूच वर गेला, दोन्हीकडे. बाबिन्स्कींनी १८९६ मध्ये सांगितलेली ही खूण, मोठ्या माणसात अंगठा वर गेला की मेंदूपासून खाली येणाऱ्या मार्गात कुठेतरी बिघाड आहे.

हात मात्र छान. शर्टाची बटणं भराभर, दहा सेकंदात मूठ उघडझाप २४ वेळा, नाकाला बोट लावणं अचूक. मी मुद्दाम विचारलं टाळ वाजवता येतात का अजून, तर मुलगा म्हणाला रोज संध्याकाळी हरिपाठाला वाजवतात, एकही ठेका चुकत नाही. मान पुढे वाकवली की पाठीतून करंट खाली जातो असंही आप्पांनी विचारल्यावर सांगितलं.

हे असं का होतं, थोडं समजून घेऊ

आपल्याला वाटतं उभं राहणं म्हणजे पायाची ताकद. ताकद लागतेच, पण उभा माणूस कधी स्थिर नसतो, तो सतत थोडा पुढे-मागे झुकत असतो आणि पोटऱ्या, मांड्या, पाठ सारखी बारीक दुरुस्ती करत असतात. ती दुरुस्ती करायला खालून खबर यावी लागते की घोटा किती वाकलाय, वजन टाचेवर आहे की चवड्यावर, कुठला स्नायू किती ताणलाय. स्नायूंच्या आत ताण मोजणारे छोटे अवयव असतात, मसल स्पिंडल, सांध्यात नि त्वचेत वेगळे, आणि त्यांची खबर मज्जारज्जूच्या मागच्या भागातून वर जाते. विशेष म्हणजे अंगठ्यापासून निघालेली ही नस एकच पेशी असते, अंगठ्यातून कंबरेत, कंबरेतून न थांबता, कुणाला न जोडता, मानेच्या वर मेंदूच्या देठापर्यंत. दीड मीटरच्या आसपास लांब एकच पेशी! शरीरातल्या सगळ्यात लांब पेशी याच, म्हणून नसांना पोषण कमी पडलं की बहुतेक वेळा आधी पाय बोलतात, हात नंतर.

वरून खाली येणारा हुकूम वेगळ्या वाटेने येतो. पाऊल टाकायचं ठरलं की मेंदूच्या पुढच्या भागात आखणी होते, मेंदूच्या आत खोल असलेले बेसल गँग्लिया आणि मागचा छोटा मेंदू त्यात हात घालतात, मग मोटर कॉर्टेक्समधून, म्हणजे हालचालीचा हुकूम देणाऱ्या मेंदूच्या वरच्या थरातून, निघालेले धागे खाली येतात, मेंदूच्या देठाच्या तळाशी त्यातले बहुतेक, दहातले आठ-नऊ, बाजू बदलतात आणि मज्जारज्जूच्या कडेच्या भागातून उतरून स्नायूला चालवणाऱ्या पेशींपर्यंत पोचतात. यांच्यामुळे मनासारखी, नेमकी हालचाल होते आणि यांच्यामुळेच खालचे रिफ्लेक्स लगामात राहतात. लगाम सुटला की गुडघा उडतो, पाय कडक होतात, अंगठा वर जातो.

तोलासाठी आणखी मार्ग आहेत, कानातल्या तोल-यंत्राकडून आणि मेंदूच्या देठातून उतरणारे, ते मुख्यतः धड आणि पाय ताठ ठेवणाऱ्या स्नायूंना सांभाळतात. उभ्या माणसाला हात पटकन पुढे उचलायला सांगा, खांद्याचा स्नायू आवळायच्या आधी मांडीमागचे नि पोटरीचे स्नायू आवळलेले असतात, कारण हात पुढे गेला की तोल पुढे जाणार हे मेंदूने आधीच धरलेलं असतं. हे आपण ठरवून करत नाही, कळतसुद्धा नाही.

म्हणजे तोलाची खबर तीन ठिकाणांहून येते, डोळे, कान आणि पाय. दोन शाबूत असली तर बहुतेक वेळा भागतं. आप्पांच्या पायाची खबर बंद होती, ते डोळ्यांवर उभे होते. डोळे मिटले की फक्त कान उरायचे आणि तेवढ्याने भागत नाही. छोट्या मेंदूचा बिघाड असता तर डोळे उघडे ठेवूनही ते असेच झोकांडत राहिले असते.

आता दोन खुणा एकत्र ठेवा. घोट्याचा रिफ्लेक्स गेलेला म्हणजे पायातल्या नसा खराब, आणि अंगठा वर जातोय म्हणजे मज्जारज्जूही खराब. नुसत्या शुगरने अंगठा वर जात नाही. आणि कंबरेच्या गादीनेही जात नाही, कारण मज्जारज्जू मुळात कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो, चौथ्या-पाचव्यापाशी नुसत्या नसांचा जुडगा असतो. म्हणजे पट्टा नि ट्रॅक्शन ज्या जागेसाठी चालू होतं तिथे हा आजार असूच शकत नव्हता.

कागदांची पिशवी

मावशींनी, म्हणजे आप्पांच्या बायकोने, कापडाच्या दुकानाची प्लास्टिक पिशवी आणली होती, त्यात सगळे रिपोर्ट घड्या घालून. सगळ्यात खाली दिवाळीचा. हिमोग्लोबिन १०.२ हे सगळ्यांनी वाचलं होतं, त्याच्या चार ओळी खाली लाल पेशींचा आकार लिहिला होता, १०९, आणि पुढे लॅबने बारीक बाण काढलेला. १०० च्या वर म्हणजे पेशी फुगलेल्या. लोह कमी पडलं की पेशी लहान होतात, मोठ्या नाही. बी-१२ किंवा फॉलिक कमी पडलं की मोठ्या होतात.

आणि नेमकं फॉलिक अ‍ॅसिड दिलं गेलं. फॉलिकने रक्त सुधारतं, पेशींचा आकार बराचसा ताळ्यावर येतो, पण नसांवरच्या वेष्टनाला, मायलिनला, जे बी-१२ लागतं ते काही मिळत नाही, नसा बिघडतच राहतात. नव्या रिपोर्टमध्ये आकार ९६ होता, तो एकटा बघितला असता तर मीही बी-१२ चा विचार सोडला असता. जाता जाता सांगते, फॉलिकची गोष्ट आपल्या मुंबईतूनच सुरू झाली. लुसी विल्स १९२८ मध्ये मुंबईत आल्या, गिरणीतल्या गरोदर बायकांचा अशक्तपणा यीस्टच्या अर्काने बरा होतो हे त्यांनी दाखवलं, त्यातला घटक पुढे फॉलिक अ‍ॅसिड ठरला. फार मोठं काम आहे ते. पण बी-१२ च्या जागी फॉलिक चालत नाही.

बी-१२ झाडाझुडपात नसतं, आपल्यासारख्या शाकाहारी लोकांना ते दूध-दह्यातूनच काय ते मिळतं. लिव्हरमध्ये साठा बरीच वर्षं पुरतो म्हणून कमतरता हळूच येते. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या टीमने नव्वदच्या दशकात पुण्याजवळच्या गावांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला, त्यात निम्म्याहून जास्त जणींचं बी-१२ कमी निघालं होतं. त्यात मेटफॉर्मिनने शोषण कमी होतं, पित्ताच्या गोळीने पोटातलं अ‍ॅसिड कमी झालं की अन्नातून ते नीट सुटं होत नाही. आप्पांच्या बाबतीत माळ, विकलेली गाय, मेटफॉर्मिन, पित्ताची गोळी, सगळं एकाच दिशेला बोट दाखवत होतं.

मुलगा म्हणाला, मॅडम बी-१२ चं इंजेक्शन आत्ताच देऊन टाकतो ना, दहा मिनिटांचं काम. मी थांबवलं. आधी रक्त द्या, मग इंजेक्शन, कारण एकदा इंजेक्शन गेलं की रिपोर्ट फुगून येतो आणि मग पुढचा डॉक्टर म्हणतो बी-१२ तर भरपूर आहे. त्याच दिवशी रक्त पाठवलं आणि शहरातल्या न्यूरोलॉजिस्टकडे दोन दिवसांनंतरची वेळ घेतली. बी-१२ आलं ११२, दोनशेच्या खाली कमीच धरतात. होमोसिस्टीन, जे बी-१२ कमी पडलं की रक्तात वाढतं, ते ४६, म्हणजे पंधराच्या मर्यादेच्या तिप्पट.

समोर कुठले रस्ते होते

इथे गोष्ट सरळ संपली असती, पण न्यूरोलॉजिस्टनी पूर्ण मणक्याचा एमआरआय केला आणि मानेत पाचव्या-सहाव्या मणक्यामध्ये गादी मज्जारज्जूला टेकलेली निघाली. रिपोर्टच्या पहिल्याच ओळीत तेच. मणक्याच्या सर्जननी बघितलं आणि ऑपरेशन सांगितलं, आणि त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं, मानेतला दाब खरा असेल तर वाट बघण्यात मज्जारज्जूचं नुकसान होतं आणि गेलेलं सगळं परत येत नाही. घरचे पार गोंधळून गेले.

एक रस्ता होता लगेच ऑपरेशन. दुसरा, शुगरची नस म्हणून आहे तेच चालू ठेवायचं, तो तपासणीनंतर बादच होता. तिसरा, बी-१२ पूर्ण जोरात द्यायचं आणि आठ आठवडे डोळ्यात तेल घालून बघायचं.

न्यूरोलॉजिस्टनी एमआरआयची फिल्म स्वतः लाइटवर लावून दाखवली, मला ते फार आवडलं. मज्जारज्जूच्या मागच्या भागात पांढरी झाक होती, आडव्या कापात उलट्या व्ही अक्षरासारखी, आणि ती मानेत दाबाच्या जागेच्या बरीच वर सुरू होऊन बरीच खाली पाठीपर्यंत गेलेली. दाबाने बहुधा दाबाच्या आसपास झाक येते, अशी लांबलचक फक्त मागच्या भागात नाही. शिवाय मानेत एवढा दाब असता तर हात बिघडायला हवे होते, बटणं लावता आली नसती, टाळाचा ठेका चुकला असता. आणि घोट्याचा रिफ्लेक्स जायला नको होता, उलट जोरात उडायला हवा होता. मान वाकवल्यावर जाणारा करंट दोन्ही आजारांत येतो, त्यामुळे तो कुणाच्याच बाजूने साक्ष देत नव्हता.

आणखी एक मुद्दा त्यांनी काढला जो मला माहीत नव्हता. भूल देताना नायट्रस ऑक्साइड वापरला तर तो शरीरातलं बी-१२ निकामी करतो, आधीच कमी असलेल्या माणसाचा मज्जारज्जू ऑपरेशननंतर अचानक जास्त बिघडू शकतो. म्हणजे ऑपरेशन करायचंच ठरलं तरी आधी बी-१२ भरायला हवं आणि भूलतज्ज्ञांना सांगायला हवं.

सर्जनशी त्यांनी तिथूनच फोनवर बोलून घेतलं आणि ठरलं, आठ आठवडे, पण अटी घालून. हाताची बोटं अडखळायला लागली, लघवी अडली किंवा आवरेना झाली, पायांची ताकद उतरली, यातलं एक जरी झालं तरी वाट न बघता ऑपरेशन. या अटी मी मोठ्या अक्षरात मराठीत लिहून दिल्या आणि मुलाने त्या देवघराशेजारी चिकटवल्या. माझ्या मते या केसमधला सगळ्यात चांगला निर्णय हाच, कारण नुसतं "बघू या" म्हटलं असतं तर कधी थांबायचं ते कुणालाच कळलं नसतं.

इंजेक्शनवरून अडलं

आणि मग आप्पांनी इंजेक्शन घ्यायला नकार दिला. गावातल्या एका जुन्या कंपाउंडरने सांगितलं होतं, हे लिव्हरचं इंजेक्शन, जनावराच्या काळजाचं. माळकरी माणूस, पस्तीस वर्षं पाळलेला नेम, चार दिवस हातच लावू देईनात. मुलगा चिडला, आवाज चढले. मी त्याला बाजूला घेऊन म्हटलं, दादा, आप्पा हट्ट करत नाहीयेत, त्यांना खरं उत्तर हवंय.

कंपाउंडरही खोटं बोलत नव्हता. १९२६ मध्ये बॉस्टनला मायनट आणि मर्फी यांनी अशा अशक्तपणाच्या पेशंटना रोज लिव्हर खायला घालून बरं केलं, १९३४ चं नोबेल त्यांना आणि व्हिपल यांना मिळालं, आणि पुढे बरीच वर्षं लिव्हरच्या अर्काची इंजेक्शनं होती, जुन्या लोकांना तीच आठवतात. पण आता बी-१२ टाकीत जिवाणू वाढवून बनवतात. न्यूरोलॉजिस्ट फोनवर आप्पांना म्हणाले, "माऊली, दुधाला विरजण लावता ना, त्यातल्या जिवांनी दही होतं, तसंच हे." आप्पा जरा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "मग आधी का न्हाई सांगितलं कुणी." त्याच संध्याकाळी पहिलं इंजेक्शन झालं.

मग काय काय केलं

इंजेक्शन १००० मायक्रोग्रॅम, पहिला आठवडा रोज, मग महिनाभर आठवड्यातून एक, मग महिन्याला एक आणि हे आयुष्यभर. पित्ताची गोळी डॉक्टरांनी बंद केली. मेटफॉर्मिन चालू ठेवलं, शुगरला त्याची गरज होती.

घर आधी सुरक्षित केलं. मोरीत प्लास्टिकचं स्टूल, अंघोळ बसूनच. रात्रभर झिरोचा दिवा, कारण अंधार म्हणजे यांच्यासाठी मिटलेले डोळेच. चपलेऐवजी मागून पट्टा असलेली सँडल. शुगर आहे आणि पायाला समजत नाही, म्हणून रोज रात्री मावशी तळपाय बघणार.

व्यायामाला फ्रेंकेलची जुनी पद्धत घेतली, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी स्वित्झर्लंडमध्ये अशाच पेशंटसाठी बसवलेली. ताकद वाढवायची नाही, नजरेने पायाला शिकवायचं. हळू, मोजून, प्रत्येक वेळी पाऊल ठरलेल्या जागी. मी खडूने खुणा करा म्हटलं होतं, सुनेने अंगणात रोज सकाळी रांगोळीने लक्ष्मीची पावलं काढायला सुरुवात केली, दारापासून तुळशीपर्यंत, आणि आप्पांनी प्रत्येक पाऊल त्या पावलावर टाकायचं. रांगोळी फिसकटली की चूक कुठे झाली ते लगेच दिसायचं. लक्ष्मीवर पाय द्यायला आप्पा पहिल्या दिवशी कचरले, मग सुनेनेच शेजारी साधी चौकटं काढली आणि लक्ष्मीची पावलं कडेला खूण म्हणून राहिली.

काठीबद्दल एक गोष्ट आवर्जून. आप्पा काठीवर भार टाकायचे. मी म्हटलं भार नको, नुसती जमिनीला टेकवा. भिंतीला एक बोट हलकं टेकवलं, शंभर ग्रॅमहून कमी दाबाने, तरी डुलणं कमी होतं हे प्रयोगांत दिसलंय, कारण त्या बोटातून शरीर कुठे झुकतंय याची खबर मेंदूला मिळते. पायाची खबर बंद आहे तर हाताची द्या, हात शाबूत आहेत. दोन दिवसांत आप्पांना ते उमगलं, म्हणाले काठीनं भुई वाचायची.

सहाव्या आठवड्यात टाळ आणायला सांगितले. ठेक्यावर जागच्या जागी पाऊल, मग एक पाऊल पुढे, एक मागे. टाळ वाजायला लागले की पावलं आपटायची कमी व्हायची, मला दर वेळी दिसायचं.

वारीचा प्रश्न

आठ आठवड्यांनी हात तसेच चांगले, लघवीचं काही नाही, ताकद टिकून, डोळे मिटून आता दहा-बारा सेकंद उभे राहत होते. ऑपरेशन पुढे ढकललं, मानेवर नजर ठेवायची ठरली. आणि लगेच आप्पांचा प्रश्न, पालखी तीन आठवड्यांवर आली, जाऊ का.

मला मनापासून हो म्हणावंसं वाटत होतं. पण वारीत पहाटे अंधारात उठायचं, तंबूंचे दोर पायात येतात, चिखल, गर्दीत जमीन दिसत नाही, म्हणजे आप्पांचा जो एकमेव आधार होता, नजर, तीच जाणार. पूर्ण वाटेला मी नाही म्हटलं, तीन दिवस बोलले नाहीत माझ्याशी. शेवटी तोडगा निघाला, शेवटचा टप्पा फक्त, वाखरीपासून पंढरपूर, उजेडात, मुलगा शेजारी, काठी हातात. तेवढं चालले. मुलाने रिंगणाच्या कडेला टाळ घेऊन उभ्या आप्पांचा व्हिडिओ पाठवला, पाय फाकवलेले होते पण उभे होते.

कुठवर आले

आता १४ महिने झाले. पहिल्या सहा महिन्यांत भराभर फरक पडला, नंतर सावकाश. डोळे मिटून अर्धा मिनिट उभे राहतात. चप्पल निसटली तर कळते. तळपायावर रेघ ओढली की अंगठा डावीकडे खाली जातो, उजवीकडे अजून वर. अंगठ्यावर ट्यूनिंग फोर्क अजून लागत नाही, घोट्याचा रिफ्लेक्स आला नाही, येईल असं वाटत नाही. यंदा वारी निम्मी केली, रोज उजाडल्यावर निघून. मानेचा एमआरआय परत केला, पांढरी झाक जवळजवळ गेली, गादी तिथेच आहे.

वेगळं काय करता आलं असतं

जानेवारीत माझ्याकडून पाच मिनिटांचं काम राहिलं. उभं करून डोळे मिटवणं, तळपायावर रेघ, अंगठा वर की खाली. झोपवून ताकद बघितली की मज्जारज्जूतून उतरणारा हुकूम थोडाफार कळतो, वर जाणारी खबर कळतच नाही, आणि मी फक्त अर्धा रस्ता तपासून व्यायाम दिले. तेव्हाच पकडलं असतं तर उजवा अंगठाही कदाचित खाली गेला असता, कारण या आजारात किती परत येतं ते किती उशीर झाला यावरच बरंचसं ठरतं. आता माझ्याकडे पायाची तक्रार घेऊन आलेल्या प्रत्येकाला मी डोळे मिटवून उभं करते.

फुगलेल्या पेशी बघून फॉलिक एकटं देऊ नये, बी-१२ तपासावं नाहीतर दोन्ही द्यावं. मेटफॉर्मिनवर वर्षानुवर्षं असलेल्या शाकाहारी माणसाचं बी-१२ अधूनमधून बघावं, मुंग्या यायची वाट न बघता. आणि इंजेक्शनच्या वेळी ते कशापासून बनतं हे आपणहून सांगावं, ते चार दिवस विनाकारण गेले.

एक गोष्ट मात्र मला फार उशिरा सुचली. आप्पा आणि मावशी एकाच चुलीवरचं जेवतात, मावशींच्याही गळ्यात माळ आहे. सातव्या महिन्यात मी त्यांचं रक्त तपासायला सांगितलं. मुंग्या नव्हत्या, तोल चांगला, तरी बी-१२ निघालं १५४. आता दोघंही महिन्यातून एकदा, एकादशी सोडून दुसऱ्या दिवशी, माझ्या शेजारच्या दवाखान्यात इंजेक्शनला येतात.